काळं पुसण्याचा हुकूम

मुळशीला जायचं ठरलं ते भातासाठी. माझ्या नवऱ्याचे मामा तलावाकाठच्या एका वाडीचे पोलीस पाटील होते, आणि दर मार्गशीर्षात त्यांचं पोस्टकार्ड यायचं: "आंबेमोहर झोडून घरात आला. जेवाया यावं." गोष्ट जुनी आहे. पासष्टची लढाई संपून वर्ष उलटलं होतं, मी तेवीस वर्षांची होते आणि लग्नाला दीड वर्ष झालं होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्या वेळची रीत, पण सबंध ब्लॉगभर 'हे' लिहीत बसले तर कोणते हे, असा वाचणाऱ्याला प्रश्न पडेल. तर, माधवराव.

माधवराव सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळत. माणूस अत्यंत सरळ. वरून कागद आल्याशिवाय त्यांनी आयुष्यात काही केलं नाही, आणि कागद आल्यावर काही करायचं टाळलं नाही. आता अशा माणसाकडे गाडी कशी, तर बदली झालेल्या साहेबांची जुनी परदेशी गाडी कुणी घेईना, म्हणून ती हाताखालच्यांच्या गळ्यात पडली. सहा व्होल्टची बॅटरी, चार दरवाजे, त्यांतले तीन उघडणारे.

लढाईच्या दिवसांत माधवराव आमच्या पेठेत ब्लॅकआउटचे वॉर्डन होते. मोटारींच्या दिव्यांच्या काचांना वरच्या अर्ध्या भागावर काळा रंग द्यावा, म्हणजे शत्रूच्या विमानाला उजेड दिसणार नाही, असा हुकूम निघाला होता. माधवरावांनी पेठेतल्या सगळ्या गाड्यांना स्वतः ब्रश मारला. स्वतःच्या गाडीला दोन हात जास्त. लढाई संपली, लोकांनी रंग खरवडून टाकले. आमच्या गाडीवर तो तसाच राहिला, कारण माधवरावांचं म्हणणं असं की काळं फासण्याचा हुकूम लेखी आला होता, पुसण्याचा कुठे आलाय?

शहरात रस्त्यावर दिवे होते, त्यामुळे गाडीच्या दिव्यांवाचून काही अडलं नाही.

आता माझ्याबद्दल. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि घरी फोडण्या देत होते. त्याच आठवड्यात मुलींच्या एका शाळेचं पत्र आलं: शास्त्र शिकवायला शिक्षिका हवी, सोमवारी सकाळी आठ वाजता मुलाखतीला यावं. मला रात्र रात्र झोप येईना. माधवरावांना विचारलं तर त्यांची हरकत नव्हती आणि संमतीही नव्हती. प्रकरण विचाराधीन होतं. फक्त रविवारी मामांकडे जाणं आधी ठरलंय, ते मोडता येणार नाही, एवढं त्यांनी सांगितलं. "रविवारी संध्याकाळी परत येऊच की," असंही म्हणाले, म्हणून मी तयार झाले.

रविवारी सकाळी सातला निघालो. आज तुम्ही मुळशीला निघालात तर भूगाव गाठेपर्यंतच तुमचा अर्धा उत्साह आणि पाव टाकी पेट्रोल संपतं. तेव्हा भूगाव म्हणजे रस्त्याकडेची थोडी घरं, चार म्हशी आणि आपली गाडी बघून उठून उभा राहणारा एक म्हातारा. बंगल्याच्या जाहिराती नव्हत्या, त्यामुळे डोंगर दिसायचा. पेट्रोल रुपयाला लिटरच्या आसपास होतं आणि तरी महाग वाटायचं. पिरंगुटच्या चढावर गाडीनं वाफ सोडली. ओढ्याचं पाणी तांब्यानं आणून तिला पाजलं आणि पुढे निघालो. तुम्हाला सल्ला: तांब्या न्या. आताच्या गाडीला लागत नाही, पण भूगावच्या कोंडीत तुम्हाला लागेल.

पौडला चहाला थांबलो आणि गाडी पुन्हा सुरू होईना. हॉटेलशेजारी सायकली आणि इंजिनं दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्यानं बॅटरीच्या तारा घासल्या, गाडी चालू केली, आणि जाता जाता दिव्यांचं बटण खालीवर करून लांबवर पडणारा फुल आणि जवळ पडणारा डीम पाहिला.

"सायब, तुमचं दोनी फुल ग्येल्यात. तार जळलीया. डीम तेवडं हाय."

"नवे बल्ब?" मी विचारलं.

"पुन्यात."

"आम्ही दिवसाउजेडी परतणार आहोत," माधवराव म्हणाले.

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, मग गाडीत ठेवलेल्या पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं. "पावन्याकडं चाललाय न्हवं? मंग दिवसाउजेडी कसं परताल?" एवढं बोलून तो आपल्या सायकलीकडे गेला. पौडमध्ये मला भेटलेला तो सर्वांत शहाणा माणूस.

वाडीवर पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. समोर तलाव पसरलेला. त्याचं पाणी डोंगराखाली उतरतं, त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते. मामांच्या ओसरीवर मात्र रॉकेलचा कंदील. मी त्याबद्दल विचारलं तेव्हा मामा मिशीतल्या मिशीत हसले. "मुंबईवाल्यांस्नी उजेड द्याचं काम आमचं पाणी करतंय, सूनबाई. हितला अंधार सांबाळाय बी कुनीतरी पायजेल का न्हाई?"

मामींनी गाडीला फेरी मारली आणि दिव्यांपाशी थबकल्या. "ह्येच्या तोंडाला काळं कुनी फासलं गं?"

"सरकारनं," माधवराव म्हणाले.

मामींनी पदर तोंडाला लावला. ज्या गाडीच्या तोंडाला काळं ती पहिल्या भाताच्या दिवशी दारात यावी, हे त्यांना मुळीच रुचलं नव्हतं. पण पाहुण्याला बोलायचं कसं, म्हणून त्यांनी दिव्यांनाच हळदकुंकू लावलं, अर्ध्या काळ्यावर, आणि विषय मिटवला.

पौडच्या मिस्त्रीचं खरं झालं. नवा भात आधी देवाला, मग वाडीतल्या वडीलधाऱ्यांना, मग पुरुषांना, मग आम्हाला. पहिली पंगत तीनला बसली. तो भात वर्णन करण्यात मी वेळ घालवणार नाही. चुलीवर तो शिजत असताना अंगणात बसलेल्या माणसाला भूक लागत असे, पोट भरलेलं असलं तरी. सोबत घरचं तूप आणि पावट्याची आमटी. मला जेवण गोड लागलं, पण डोळा सारखा सूर्याकडे होता. पाचला मी म्हटलं निघू या. मामींनी सुनेला रिकाम्या हाती कसं पाठवायचं म्हणून दगडी जातं काढलं. "पुन्याच्या गिरनीत पीठ जळतंय," त्या म्हणाल्या. चौघांनी ते जातं डिकीत टाकलं, वर दोन पोती भोपळे. गाडीचं नाक वर झालं. चहा झाला, ओटी झाली, वाडीतल्या सगळ्यांना नमस्कार झाले, आणि खरोखर निघालो तेव्हा सात वाजून गेले होते. अंधार गच्च.

माधवरावांनी डीम लावला. समोर झाडाच्या शेंड्यावर एक पिवळट डाग पडला. रस्त्यावर काही नाही. शंभर पावलं गेलो असू, आणि मी ओरडले. पुढचं डावं चाक मोरीच्या कडेला टेकलं होतं. खाली ओढा. माधवरावांनी ब्रेक दाबला, उतरून चाक पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "राहू या इथं."

लोकांनी गाडी ढकलत परत अंगणात आणली. मामा म्हणाले, "ऱ्हावा की. सकाळच्याला जावा." मी हिशेब केला. पहाटे उजाडायला साडेसहा, पुढे असल्या रस्त्यानं सगळं नीट पार पडलं तरी अडीच तास. आठची मुलाखत गेली. माधवराव म्हणाले, "पुन्हा बोलावतील." मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. पुन्हा कुणी बोलावत नसतं, हे त्यांनाही माहीत होतं.

मग उपाय सुचवायला अख्खी वाडी जमली. आपल्याकडे गाडी एकाकडे असते आणि ज्ञान सगळ्यांकडे असतं. एक म्हणाला, पुढं कंदील घेऊन माणूस चालवा. पुण्यापर्यंत? "पौडापातुर चालंल. म्होरं दुसरा बगा." दुसऱ्यानं सांगितलं की दिवा मोठा नको, नजर मोठी पाहिजे. तिसऱ्यानं काचेवर लिंबू फिरवायला सांगितलं. शेवटी लग्नासाठी ठेवलेली गॅसबत्ती निघाली. ती पंप मारून पेटवली आणि सुतळीनं बॉनेटवर बांधली. अंगण दिवसासारखं उजळलं, सगळे खूष झाले, माधवराव आत बसले आणि म्हणाले, "मला काहीच दिसत नाही." उजेड सगळा त्यांच्या डोळ्यात येत होता. बाहेरून गाडी मात्र फार सुंदर दिसत होती. वरातीला शोभली असती.

हे आजच्या वाचकांसाठी मुद्दाम सांगते. जास्त उजेड म्हणजे चांगला उजेड नव्हे. हल्ली मुळशीच्या रस्त्यावर शनिवारी रात्री लोक पांढरेफटक दिवे लावून येतात, त्यांच्या उजेडात समोरच्याला ब्रह्मांड दिसतं आणि त्यांना स्वतःला खड्डा दिसत नाही. उजेड किती, यापेक्षा तो कुठे पडतो ते बघावं. त्या रात्री मला ते बघायचं होतं, पण विचारतो कोण? इतके पुरुष होते आणि फिजिक्सची पदवी माझ्या एकटीकडे होती.

मी मामींकडून भाकरीचा तवा मागितला. गॅसबत्ती विझवायला लावली. गाडी गोठ्याच्या पांढऱ्या भिंतीसमोर पंचवीस पावलांवर उभी करायला सांगितली आणि डीम लावायला लावला. भिंतीवर अगदी मंद उजेड. मग मी तव्यानं दिव्याचा खालचा अर्धा भाग झाकला.

"भिंतीकडं बघा," मी म्हटलं.

भिंतीवर काहीही फरक पडला नाही.

माधवराव गाडीतून उतरले. "असं कसं? रस्ता खाली आहे. म्हणजे खालच्या काचेतूनच उजेड रस्त्यावर जायला हवा."

सगळ्यांचं तेच मत होतं. वरची काच झाडांसाठी, खालची रस्त्यासाठी. मी बल्ब काढून दाखवला. आत दोन तारा. एक फुलची, जळलेली. दुसरी डीमची, आणि तिच्या खाली नखाएवढी पत्र्याची वाटी. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते. म्हणून डीमचा सगळा उजेड वर जातो, बल्बमागच्या खोलगट आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावर आपटतो, तिथून वाकून रस्त्यावर येतो. तोही काचेच्या वरच्या अर्ध्यातून. "म्हणजे ज्या भागाला काळं फासलंय," मी म्हटलं, "रस्ता दाखवायचं काम तोच करतो."

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "मंजी काम करनाऱ्याच्याच तोंडाला काळं. सरकारी दिवा दिसतुया."

मामींनी लगेच राख, रॉकेल आणि काथ्याची घासणी आणली. मी पदर खोचला. आणि माधवराव दिव्यासमोर येऊन उभे राहिले.

"हे काढता येणार नाही."

"का?"

"हुकूम मागे घेतल्याचा कागद नाही. मी वॉर्डन होतो. मीच नियम मोडला तर?"

मला वाटलं होतं की ते थट्टा करताहेत. ते करत नव्हते. घामेजले होते. त्या माणसाला खरंच भीती वाटत होती. पण त्या क्षणी मला दया आली नाही. माझी नोकरी, माझी सकाळ, माझी सगळी पदवी एका कागदापाशी अडली होती, आणि तो कागद कुणी लिहिलाच नव्हता.

तेव्हा माझ्या मनात आलं, नसेल तर लिहावा. "मामा," मी म्हटलं, "तुम्ही पोलीस पाटील ना?"

"व्हय. शिक्का बी हाय."

"मग तुमच्या हद्दीत गाडी धोकादायक अवस्थेत उभी आहे. तुम्ही हुकूम काढू शकता का?"

मामांना हुकूम म्हणजे काय ते पुरतं माहीत नव्हतं, पण शिक्का वापरायला मिळतोय म्हटल्यावर ते ताठ बसले. कागद आला. मी कंदिलाच्या उजेडात लिहायला घेतलं, आणि माधवराव उभ्या उभ्या चुका काढू लागले. "'पुसावे' नाही. 'पुसण्यात यावे'." मी तसं केलं. "'ताबडतोब'च्या आधी 'सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने' पाहिजे." तेही घातलं. "जावक क्रमांक?" मामा म्हणाले, "घाला एक. ह्यो पयलाच हाय." मामांनी सही केली, शिक्क्याला फुंकर घातली आणि तो कागदावर इतक्या जोरात मारला की कंदील हलला.

माधवरावांनी कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला, कोट काढला आणि बाह्या सरसावून घासणी माझ्या हातातून घेतली. "डावा मी करतो," ते म्हणाले.

मामी, मी आणि ते, आम्ही तिघांनी अर्धा तास घासलं. दोन हात जास्त मारलेले होते ना. मामी घासता घासता म्हणाल्या, "मला सकाळच्यालाच म्हाईत हुतं, ह्ये ध्यान चांगलं न्हाई." काचा धुऊन पुसल्या. आतला आरसा मात्र घासू दिला नाही. तुम्हीही कधी घासू नका. त्याला एकदा ओरखडे पडले की तो उजेड परत येत नाही. मग भिंतीवर दिव्याच्या उंचीला कोळशानं रेघ मारली आणि दिवे असे बसवले की उजेडाची वरची कड रेघेच्या चार बोटं खाली राहील. ती राहीना, कारण डिकीतल्या जात्यानं गाडीचं नाक वर केलं होतं. म्हणून जातं पुढे, माधवरावांच्या शेजारी ठेवलं, भोपळे त्याच्या पायाशी, आणि मी मागे. माझी जागा जात्यानं घेतली, ती मी आनंदानं दिली. उजेड रेघेखाली उतरला.

नऊ वाजता निघालो. काय सांगू तुम्हाला, रस्ता दिसत होता. सहा व्होल्टचा उजेड तो, झगझगाट नव्हता, पण गाडीपुढच्या वीस-पंचवीस पावलांत प्रत्येक खडा, प्रत्येक चाकोरी वेगळी दिसत होती. मोरी आली, तिचे दोन्ही कठडे दिसले. एक ससा मध्ये बसला होता, तो दिसला आणि वाचला. मला इतकं हलकं वाटत होतं की मी मागच्या सीटवर एकटीच हसत होते. माधवराव पाऊण तास रस्त्यावर डोळे लावून गाडी चालवत होते. मग म्हणाले, "हा रस्ता इतका वाईट आहे हे येताना लक्षात नव्हतं आलं."

पौडच्या अलीकडे समोरून लाकडाचा ट्रक आला. ड्रायव्हरनं दिवा खाली केला, शेजारी येऊन थांबला आणि खिडकीतून वाकून बघू लागला. "सायब, लई झ्याक डीम बसवलाय! डोळ्यावर बी येईना आन् रस्ता बी दिसतुया. कुठल्या मिस्त्रीनं केला?"

माधवरावांनी जात्याकडे पाहिलं, मग आरशातून माझ्याकडे. "घरच्यांनी," ते म्हणाले.

ड्रायव्हरला वाटलं ते जात्याबद्दल बोलताहेत. तो आणखी वाकून जात्याकडे बघत राहिला.

घरी पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. सकाळी आठला मी शाळेत हजर होते, नखांत काळा रंग तसाच. माधवराव कचेरीला जाता जाता मला सोडायला आले आणि फाटकाशी थांबले. मुख्याध्यापिकाबाईंनी माझी प्रमाणपत्रं पाहिली, गणित विचारलं, नखांकडे पाहून काही विचारलं नाही, आणि शेवटी म्हणाल्या, "सगळं ठीक आहे. फक्त मिस्टरांची हरकत नसल्याचं लेखी लागेल. नियम आहे."

विचाराधीन प्रकरण ते. मी फाटकाशी जाऊन माधवरावांना सांगितलं. त्यांनी खिशातून पेन काढलं, मग थांबले. "नमुना आहे का?"

"नाही. तुम्हालाच लिहायचंय."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वरून काही आलेलं नव्हतं. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी बराच वेळ लिहिलं, खोडलं, दुसरा कागद घेतला, पुन्हा लिहिलं. मला वाचायला दिलं नाही. घडी करून म्हणाले, "दे त्यांना. आणि भाषेत काही त्रुटी असेल तर सांग."

बाईंनी चिठ्ठी उघडली. वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. त्यात लिहिलं होतं: "पत्नीने नोकरी करण्यास निम्नस्वाक्षरीकाराची हरकत नाही. त्यांच्या कामाचा काल रात्री प्रत्यक्ष अनुभव आला असून तो अत्यंत समाधानकारक आहे."

"उद्यापासून या," बाई डोळे पुसत म्हणाल्या.

मी त्या शाळेत तेहेतीस वर्षं शिकवलं. मुळशीला नंतर कितीदा तरी गेले, त्या वाडीवर आता वीज आहे, आणि शनिवार-रविवारी पुण्याहून लोक तिथं अंधार बघायला येतात. खोलीचं भाडं ऐकून मामा शिक्का घेऊन बाहेर आले असते. माधवरावांनी माझं कौतुक तोंडी कधी केलं नाही, त्यांना ते जमतच नसे, आणि लेखी केलं ते एवढंच. त्या सकाळी फाटकाबाहेर ते विचारत होते, भाषा बरोबर होती ना, आणि मला आदल्या रात्रीपासून त्यांच्यावर आलेला राग कुठे गेला ते कळेना. मी म्हटलं, अगदी बरोबर होती, एक शब्दही बदलू नका.